धाकटीचा घास

बोरखिंडच्या माळावर आधी दोनच गोष्टी पिकायच्या, कुसळं आणि वारा. जत तालुक्यातला हा माळ इतका कोरडा, की चुकून ढग आलाच तर घाईतल्या पाहुण्यासारखा उभ्या उभ्या तोंड दाखवून निघून जायचा. अंतराळ विज्ञानवाल्यांना नेमकं तेच हवं होतं. हवेत ओल नको, शेजारी कारखाना नको, धूर नको. देशाचा अंतराळ संशोधनाचा कार्यक्रम तोवर चांगलाच अंगाने भरला होता. चंद्र झाला होता, मंगळ झाला होता, शुक्राच्या ढगांत फुगा सोडून झाला होता, आणि आता शास्त्रज्ञांची नजर शनीच्या एका छोट्या बर्फाळ चंद्रावर खिळली होती. यान जुळायचं मोठ्या शहरात, उडायचं समुद्रकाठावरून. पण त्याच्या अंगावरचं पांघरूण शिवायचं ठरलं ते या माळावर.

यानाला पांघरूण कशाला, असं गावात ज्याने त्याने विचारलं होतं. अवकाशात हवा नाही, त्यामुळे ऊन आणि सावली यांच्यात मधलं काही नाही. उन्हातली बाजू तव्यासारखी तापते, सावलीतली बर्फाहून गार पडते. शनीजवळ तर ऊन नावालाच. यंत्राच्या पोटात जी थोडी ऊब असते ती जपावी लागते. ही ऊब वाऱ्याने उडून जात नाही, कारण तिथे वाराच नाही. ती किरणांच्या रूपाने निसटते. म्हणून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, चांदीसारखे चकाकणारे पदर एकावर एक ठेवतात आणि दोन पदरांच्या मध्ये बारीक जाळी घालतात. प्रत्येक पदर आलेली ऊब पुन्हा आत लोटतो. खरी मेख आहे ती शिलाईत. टाका घट्ट ओढला की पदर एकमेकांना चिकटतात आणि तेवढ्या जागेतून ऊब पळते. टाका सैल हवा, पण सुटता कामा नये. आणि यानाचे कोपरे, नळ्या, खाचाखोचा यांवर शिवणयंत्र काही चालत नाही. तिथे माणसाचाच हात लागतो.

गोधड्या शिवून शिवून बोरखिंडच्या बायकांचा हात तसाच झालेला होता. लांब, सैल, एकसारखा टाका. माळावरच्या नव्या अंतराळ केंद्राने बायका घेतल्या तेव्हा शालनबाई खरात साठीला टेकलेल्या होत्या, पण त्यांचा टाका बघून परीक्षा घेणारा साहेब दुसऱ्या कुणाकडे वळलाच नाही.

शिवणघरात पांढरा झगा, टोपी, तोंडाला मास्क, हातात दुहेरी हातमोजे. बाहेर फक्त डोळे. बायका एकमेकींना खोकल्यावरून ओळखायच्या. मोहिमेचं नाव होतं 'तुषार', कारण त्या चंद्राच्या बर्फाला भेगा आहेत आणि त्यांतून आतल्या समुद्राचे फवारे उडतात. पण बायकांनी आपली नावं ठेवली होती. शनीपाशी जाऊन घिरट्या घालणारं मोठं यान ती थोरली. तिच्या काखेत बसून जाणारं, आणि शेवटी एकटंच त्या बर्फावर उतरून भेगेत नळी सोडणारं छोटं यान ती धाकटी. थोरली घिरट्या घालत राहणार होती. धाकटी एकदा उतरली की उतरली.

धाकटीची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांत नीलोफर शिकलगार नावाची एक मिरजेची पोरगी होती, नुकतीच शिकून आलेली. केंद्राची घरं तेव्हा बांधून व्हायची होती, म्हणून ती शालनबाईंच्या पुढच्या खोलीत राहायला आली. येताना तिने विचारलं होतं, "आज्जी, मी शिकलगार. चालेल ना तुला?" शालनबाई म्हणाल्या होत्या, "खातीस काय ते सांग. बाकीचं ऱ्हाऊ दे." त्यांना नुसते मुलगेच होते. लेकीची जागा घरात रिकामी होती, ती नीलोफरने कधी घेतली ते दोघींनाही कळलं नाही. घरं बांधून झाली तरी ती दोन पावसाळे तिथेच राहिली.

मग यान उडालं. शनी लांबचा. सात-आठ वर्षं जावी लागली. एवढ्या काळात शालनबाईंचे दात पडले, सून रूपाली शिवणघराची मुकादम झाली, आणि नीलोफर धाकटीची प्रमुख झाली. आता उतरायला काही महिनेच उरले होते, आणि अशात एका सकाळी नीलोफर एका साहेबांना घेऊन दारात आली.

"आज्जी, हे दिल्लीहून आलेत. तुम्हाला थोडं विचारायचं होतं."

'तुम्हाला' ऐकून शालनबाईंनी रूपालीकडे बघितलं. रूपालीने पदर सावरला आणि गुपचूप चहा टाकायला गेली.

"इचारा की," शालनबाई म्हणाल्या. "बसा आधी. तुमी बी बसा, म्याडम."

नीलोफरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती बसली आणि सांगू लागली.

थोरलीला एक यंत्र बसवलं होतं, त्याला सगळे 'नाक' म्हणत. अवकाशात उडणारा एखादा कण जरी सापडला तरी तो कशाचा ते हे नाक ओळखायचं. त्याची खुबी कार्बनमध्ये होती. जे जे जगतं त्याच्या अंगात कार्बन असतो, आणि कार्बन दोन प्रकारचा, एक हलका, एक किंचित जड. जगणारी प्रत्येक गोष्ट हलका कार्बन जास्त वेचते, पण वेचण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. गहू-तांदूळ वेचतात एका रीतीने. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही तापल्या मुलखातली पिकं वेचतात दुसऱ्या रीतीने, त्यांच्या अंगात जड कार्बन थोडा जास्त राहतो. म्हणजे पिठाचा एक कण जरी हुंगला तरी नाक सांगू शकतं, हा गव्हाच्या वाटेने आलाय की ज्वारीच्या.

"धाकटीला जागं करायला आम्ही तिचा हीटर लावला," नीलोफर म्हणाली. "आणि नाकाला वास आला. भाजलेल्या पिठाचा. ज्वारीच्या वाटेचा."

"शिवताना आत कुणी काही खात होतं का?" साहेबांनी विचारलं.

"तोंडाला फडकं बांधून कोण खाईल ओ?"

"मग ज्वारी आली कुठून?"

"मी घातली की," शालनबाई म्हणाल्या. "घास घातलाय तिला."

साहेबांचा कप बशीवरच राहिला. नीलोफरने डोळे मिटून घेतले.

"गोधडी शेवटच्या कोपऱ्याला आली," शालनबाई समजावून सांगू लागल्या, "की त्यो कोपरा बंद करायच्या आदी तिला भाकरीचा घास द्यायचा. इवलासा. उपाशी गोधडी ऊब देत न्हाई. आमच्यात सगळ्या देत्यात."

"कुणाला विचारून दिलात?"

"लेकराला जेवू घालताना कुणाला इचारत्यात?"

"दोन्ही यानांना?"

"एकीला द्यायचा न् एकीला न्हाई, आसं कसं?"

साहेब कपाळाला हात लावून बसले. मग त्यांनी विचारलं, "पण आत नेलात कसा? झग्याला खिसा नाही. बाहेर तपासणी होती."

शालनबाईंनी साहेबांचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "हातमोज्यात."

हे खरं होतं, पण थोरलीपुरतं. थोरली मोठी, तिला कोरडा तुकडा चालण्यासारखा होता. धाकटी म्हणजे तान्हं पोर. तान्ह्या पोराच्या गोधडीला घास चावून मऊ करून द्यायचा, जसा दात न आलेल्या लेकराला आई देते. त्या दिवशी शालनबाई भाकरीचा घास गालात धरूनच आत गेल्या होत्या, आणि शेवटच्या कोपऱ्याशी मास्क नीट करायच्या निमित्ताने त्यांनी तो बोटावर घेतला होता. पण दिल्लीच्या माणसासमोर, नारळ फोडून पाठवलेल्या सरकारी यानाला आपण तोंडातला उष्टा घास दिला, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी मनाशी म्हटलं, हातमोज्यातली काय आणि तोंडातली काय, भाकरी तर तीच.

आठवडाभराने केंद्राची माणसं आली. तेव्हासारखीच भाकरी पाहिजे म्हणाली. शालनबाईंनी घरच्या शाळूचं, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं, पीठ घेतलं, आडाचं पाणी घेतलं, चूल पेटवली. भाकरी एका अंगाला जाड झाली.

"तवाबी आशीच व्हायची काय, आत्ती?" रूपालीने विचारलं. सासूला ती आत्ती म्हणे.

"तवा तू लाटल्यागत पातळ करत हुतीस. माजी बरी हुती."

माणसांनी त्या भाकरीचे इवले तुकडे हातमोज्यात घोळवले, तसल्याच पांघरुणाच्या कोपऱ्यांत शिवले आणि यानाची पांघरुणं उडण्याआधी ज्या भट्टीत भाजली होती तिच्यातच भाजले. मग ते तुकडे बाहेर काढून, पोषक खळ ओतलेल्या काचेच्या बशांत ठेवले. बशीत काही उगवतं का, एवढंच बघायचं होतं.

काही उगवलं नाही.

ते सांगायला नीलोफर एकटीच आली, आणि चपला काढायच्या आधीच ओट्यावरून ओरडली, "आज्जी, सुटलीस तू. मी पण सुटले."

'तू' परत आलं होतं. रूपालीने चहात वेलदोडा टाकला. नीलोफर भिंतीला टेकून पाय पसरून बसली, पूर्वी बसायची तशी, आणि बोलत सुटली. धाकटी उतरणार. ठरल्या भेगेपाशीच उतरणार. नळी सोडणार, आणि आजवर कुणाच्या बोटाला न लागलेल्या पाण्याचा पहिला घोट घेणार.

"आगं, पर बशीत काय उगवायचं भ्या हुतं तुमाला?" शालनबाईंनी विचारलं. "भाकरीला काय कोंब फुटतोय?"

"भाकरीला नाही. जंतूंना." नीलोफर पुढे सरकली. "काही जंतू फार चिवट असतात, आज्जी. ऊन, थंडी, उपास, काही आलं की अंगाभोवती टणक कवच करून झोपी जातात. बी झोपतं तसं. वर्षानुवर्षं. मग ओल आणि ऊब मिळाली की उठतात. आणि तिथे बर्फाखाली काय आहे? कोमट, खारं पाणी. समुद्रच. एखादा जरी तिथे जागा झाला तरी पसरत जाईल. तिथे आधीपासून कुणी राहत असेल तर त्याचं काय होईल कोण जाणे. आणि आपल्याला पुढे काही सापडलं तरी ते त्यांचं की आपलं, हे कधीच कळणार नाही."

"आसं व्हय."

"तव्यावर भाजलेली भाकरी म्हणून वाचलो. मला खरी धास्ती कशाची होती सांगू? माणसाच्या तोंडाची. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात. थुंकीत भिजलेला घास वाळून खडा होतो, आणि खड्याच्या पोटात भट्टीची आच नीट पोचत नाही. कुणी शिंकलं असतं, कुणाच्या तोंडाचं काही लागलं असतं, तर मी धाकटीला उतरू दिलं नसतं. पण नुसती भाकरी. तुझ्या चुलीला सलाम."

ती हसली. शालनबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या पुढ्यातला रिकामा कप उचलला आणि आत गेल्या.

नीलोफर गेल्यावर रूपाली चुलीपाशी आली. सासू तशीच कप धरून बसलेली.

"काय झालं?"

शालनबाईंनी सांगितलं. रूपालीने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा दार लोटून आली.

"आत्ती, गप बसा. कुणाला कळणार हाय?"

"कुणाला न्हाई."

"मग झालं. तिची केसं पिकली त्या धाकटीपायी. बाप आजारी हुता तवा बी हितंच हुती ती, मशीनवर. आज किती दिसांनी पाय पसरून बसली, बघितलंसा न्हवं? आन् तुमी जाऊन तिच्या तोंडातला घास काढणार?"

हे बोलून तिचं तिलाच कसंतरी झालं. शालनबाईंनी कप खाली ठेवला.

"रूपे, दुस्काळात दुसरीकडं कुटं पाणी निघायचं न्हाई. समद्या वाडीला योकच आड. तवा कुणी उष्टं भांडं आडात सोडलं तर काय करायचो आपण?"

"बोंबलायचो."

"सोडणाऱ्याला वाटायचं, एवढ्यानं काय हुतंय. तहान लागल्याली आसायची त्येला." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "खाली कोण हाय का न्हाई, मला काय ठावं? पर आसलं तर त्येंचा बी योकच आड आसंल."

पीठ मळताना रूपाली परात जरा जोरातच आपटत होती.

दुसऱ्या दिवशी शालनबाई शिवणघराच्या बसमध्ये रूपालीशेजारी जाऊन बसल्या. नीलोफरच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर तो पांढरा चंद्र. अंगावर निळसर भेगा. पायाच्या टाचा फुटतात तशा, शालनबाईंच्या मनात आलं.

"तू कशी काय?" नीलोफर उठली. "बस ना. काय झालं?"

"उभीच बरी." शालनबाईंनी पडद्याकडे बघत सांगून टाकलं. "नीलू, हातमोज्यातला घास थोरलीचा. धाकटीला मी चावून भरवलाय."

नीलोफर आधी हसली. मग तिचं हसू तिथेच राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

"चावून म्हणजे?"

"ल्हान लेकराला देत्यात तसा. गालात धरून नेला."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. सायबापुढं उष्ट्याचं कसं बोलायचं? आन् त्येनं काय फरक पडतोय ते तवा कळलं न्हवतं."

"कळलं कधी?"

"काल. तू सांगितलंस तवा."

नीलोफर खुर्चीत बसली. बराच वेळ तिने टेबलावरची पेन्सिल नुसती फिरवली. मग अगदी हळू म्हणाली, "नसतं सांगितलंस तर कुणालाही कळलं नसतं, आज्जी."

"ते ठावं हाय मला. म्हणून तर आले."

"घरी जा," नीलोफर म्हणाली. "बस सोडायला सांगते."

त्यानंतर पुन्हा चाचणी झाली. या वेळी शालनबाईंनाच केंद्रात बोलावलं. पांढऱ्या झग्यातली माणसं रांगेने उभी, समोर उकळून बंद केलेल्या कुप्या, आणि मध्ये खुर्चीवर शालनबाई भाकरीचा तुकडा हिरड्यांनी चघळताहेत.

रूपाली मागे उभी होती. तिला राहवेना. "ओ म्याडम, तवा आत्तीला दात हुतं. आता नुसत्या हिरड्या. घासात फरक न्हाई का पडायचा?"

नीलोफरने वर न बघता उत्तर दिलं, "दातांचा प्रश्न नाही. थुंकीचा आहे."

"थुकी तर हाय तीच, आदीपास्नं तिखट," रूपाली पुटपुटली. रांगेतला एक जण फिस्सकन हसला आणि लगेच गंभीर झाला. शालनबाईंनी घास कुपीत टाकला आणि तोंड पदराने पुसलं. नीलोफर कुपीवर आकडे लिहीत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बहुतेक बशा कोऱ्याच राहिल्या. एका बशीत मात्र फिकट पिवळे ठिपके उठले, मोहरीहून बारीक.

पुढचं शालनबाईंना नीलोफरकडूनच कळलं. ती संध्याकाळी चालत आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली, आत न येता.

"धाकटी उतरणार नाही, आज्जी."

"कुणी ठरवलं? दिल्लीच्या सायबानं?"

"साहेब म्हणत होते, इतक्या बशांत एकच, जाऊ दे. सगळं जग डोळे लावून बसलंय म्हणाले. कागदावर सही माझी लागते. मी नाही केली." तिने बोटांत बोटं गुंतवली. "थोरलीच्या काखेतच राहील ती. जाईल तिथे तिच्याबरोबर जाईल. शेवटी इंधन संपत आलं की दोघींना शनीवर सोडू. तिथे सगळं जळून जातं."

शालनबाई तिच्याशेजारी बसल्या. हात लावावा की लावू नये, ते त्यांना ठरवता येईना.

"मी रागावलेय तुझ्यावर," नीलोफर म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून नाही. तू घास दिलास म्हणून पण नाही. कशासाठी ते मलाच कळत नाही, पण खूप रागावलेय."

"ऱ्हा की रागावून. जेवून रागाव."

ती जेवली नाही. पण उठून गेलीही नाही. दिवेलागण झाली, रूपालीने आतून दोनदा डोकावून पाहिलं, तरी दोघी तशाच बसून होत्या. शेवटी शालनबाईंनी आतून एक गोधडी आणून तिच्या पाठीवर टाकली. नीलोफरने ती ओढून घेतली.

बातमी फुटल्यावर बोरखिंडची फार चेष्टा झाली. भाकरीने यान अडवलं, म्हातारीने शनी उष्टावला, काय वाट्टेल ते लोक बोलले. बाजारात भाजीवाला रूपालीला म्हणाला, "वैनी, पिशवी तपासून द्या, आमच्या वांग्याला घास घालाल." शिवणघरातल्या काही बायका शालनबाईंशी बोलेनाशा झाल्या, कारण आता त्यांना आत जाताना तोंड उघडून दाखवावं लागत होतं. शालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. नीलोफर येत होती, बोलत होती, चहा पीत होती, पण भिंतीला टेकून पाय पसरून बसत नव्हती.

थोरलीचं काम मात्र चालूच होतं. धाकटीला काखेत घेऊन ती त्या चंद्राजवळून जायची, फवाऱ्यांतून पार व्हायची आणि नाकाने हुंगून घ्यायची. अडचण एकच होती. धाकटीचा हीटर यंत्रं जिवंत ठेवायला लागायचाच, आणि तो लागला की नाकात आधी शालनबाईंची भाकरी शिरायची. पण दोन चाचण्यांमुळे आता केंद्राकडे त्या भाकरीची कुंडली होती. कोरड्या घासाचा वास कसा, चावलेल्या घासाचा कसा, भट्टीतून निघाल्यावर कसा, सगळं मोजून झालेलं. नीलोफरने आणि तिच्या पोरांनी ते सगळं वजा करायला घेतलं. शेजारच्या घरात मोठ्याने भजन चालू असताना आपल्या घरातलं लेकरू रडतंय का, ते कान देऊन ऐकावं, तसलं ते काम. महिनोन्‌महिने चाललं.

एका दुपारी शालनबाई ओट्यावर दोऱ्याची गुंडी सोडवत बसल्या होत्या. नीलोफर आली. गाडी नाही, साहेब नाही. आली ती सरळ येऊन भिंतीला टेकून बसली.

"अजून कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "संचालकांना पण नाही. त्यांना चार वाजता सांगायचंय."

"मग मला कशाला सांगतीस? माज्या पोटात काय ऱ्हात न्हाई, ठावं हाय की."

"तुझी भाकरी वजा केली. सगळी. तुझी थुंकी पण वजा केली."

"बरं केलंस."

"तरी खाली काहीतरी उरलंय."

शालनबाईंचे हात थांबले.

"कार्बन आहे," नीलोफर म्हणाली. "अपेक्षेपेक्षा फार हलका. नुसत्या दगडातून, पाण्यातून इतका हलका सहसा येत नाही. कुणीतरी वेचून घेतल्यासारखा आहे. पण ज्वारीच्या रीतीने नाही, गव्हाच्या रीतीने नाही. आपल्याकडच्या कुठल्याच रीतीने नाही."

"म्हंजी कोण ऱ्हातंय तितं?"

"एवढ्यावर तसं म्हणता येणार नाही. पुन्हा मोजू, बाहेरची माणसं तपासतील. वर्षं जातील." तिचा आवाज बारीक झाला. "पण असू शकतं, आज्जी. आणि तू बोलली नसतीस तर आपण त्यांच्या पाण्यात उतरून बसलो असतो. मग हे उरलेलं कुणाचं, ते मला जन्मात सांगता आलं नसतं."

शालनबाईंनी समोरच्या माळाकडे बघितलं. वारा सुटला होता. केंद्राची पांढरी छपरं उन्हात तापली होती.

"मग बरं झालं गं," त्या म्हणाल्या. "दार वाजवल्याबिगर कुणाच्या घरात शिरलो न्हाई."

नीलोफरने पाय पसरले, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

"आता वाजवायचं कसं," ती म्हणाली, "ते बघते."